स्तोयनाने सोडलेल्या गाठी

जूनच्या पहिल्या आठवड्यात नायदेनने परसातल्या टोमॅटोंना काठ्या लावल्या आणि जुन्या चादरीच्या चिंध्यांनी एकेक रोप बांधून काढलं. जेवून येऊन बघतो तर सगळी रोपं जमिनीवर लोळत होती. चिंध्यांच्या नीट घड्या घालून विहिरीच्या कठड्यावर ठेवल्या होत्या.

हे काम स्तोयनाचं, त्याच्या बायकोचं. दोन वर्षांपासून तिला काही आठवेनासं झालं होतं. नवऱ्याला ती कधी काका म्हणे, कधी मास्तर.

त्याने पुन्हा बांधली, तिने पुन्हा सोडली. चार दिवस हेच चाललं.

कुंपणापलीकडून शेजारीण वेलिका म्हणाली, "नायदेनभाऊ, सकाळी बांधायचं, दुपारी सोडायचं. सरकारी नोकरी लागली की काय?"

"मला कुठली? स्तोयनाला लागलीय," तो हसत म्हणाला.

पाचव्या दिवशी तो जेवायला गेलाच नाही, वाफ्यातच बसून राहिला. स्तोयना आली, पहिल्या रोपापाशी गुडघे टेकून गाठ सोडू लागली.

"अगं, कशाला सोडतेस? फळं धरली की मोडतील ती."

"हळू बोला, काका. नर्स ओरडेल." देठावर चिंधी काचली होती, तिथे तिने अंगठा फिरवला. "फार दुखतं हो. पाणी मागितलं तरी कुणी येत नाही."

नायदेनच्या हातातली चिंधी हातातच राहिली. फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला तेव्हा तिला शहरातल्या इस्पितळात ठेवलं होतं. ती सलाईनची सुई उपटून टाकायची. हात पलंगाला बांधावे लागतील, म्हणत डॉक्टरांनी कागद पुढे केला, आणि त्याने सही केली. अकरा दिवस ती तशी होती. भेटायला गेला की तो आधी तिच्या मनगटांवर पांघरूण ओढायचा. आपल्याला दिसू नये म्हणून.

"स्तोयना, ती सही मी केली होती," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. हल्ली ती कशालाही डोलवायची. "त्या टोकापासून तुम्ही घ्या, काका. मला एकटीला उरकत नाही."

तो उठला, त्या टोकाला गेला आणि एकेक गाठ सोडत आला.

संध्याकाळी त्याने काठ्या उपटल्या, रोपांखाली गव्हाचं काड पसरलं. जुलैत पाऊस लागून राहिला. निम्मी फळं कुजली, बरीचशी गोगलगायींनी खाल्ली. हिवाळ्यासाठी भरायच्या बरण्या यंदा माळ्यावरून खाली आल्याच नाहीत.

ऑगस्टमध्ये एक मोठा, गुलाबी टोमॅटो धड हाती लागला. नायदेनने त्याच्या फोडी केल्या, वर मीठ भुरभुरलं आणि पांढरं चीज कुस्करलं. स्तोयनाने चवीने खाल्लं.

"गोड आहे. कुणी लावले?"

"आपण."

"आपण म्हणजे कोण?"

त्याने उरलेल्या फोडी तिच्या ताटलीत सारल्या. "खा," तो म्हणाला.