एका हाताची सेटिंग

"उठा मावशी. तुमचं यूजर खातं उडवतो, नवं करून देतो. पाच मिनिटांचं काम."

"मावशी तुझ्या घरी. इथे मी टायपिस्ट आहे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवरून हलल्या नाहीत.

सिस्टिमवाला गालात हसला. सकाळपासून बाईंच्या कॉम्प्युटरने एकच नाटक लावलं होतं. पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी, आणि पुन्हा तीच लॉगिनची पाटी. दारात घ्यायचं आणि आल्या पावली बाहेर काढायचं.

"आणि माझ्या सेटिंग?"

"आता सगळ्यांना सारख्या. बदलता येणार नाहीत. साहेबांचा हुकूम आहे."

सारख्या! नऊ वर्षांपूर्वी अर्धांगवायूने बाईंचा उजवा हात नेला, तेव्हा याच साहेबांनी आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारायला बसा म्हणून दया दाखवली होती. बाईंनी ती दया परत केली. कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सच्या सेटिंगमध्ये महिनाभर डोकं फोडून त्यांनी शोधून काढलं, की शिफ्टसारखं एक बटण दाबून सोडलं तरी कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो आणि दुसरं मागाहून दाबलं तरी चालतं. अक्षरं मोठी केली, माउस डावखुरा केला. शिकवलं कुणी नाही. शिकवायला जे आले त्यांना स्वतःलाच येत नव्हतं.

साहेब केबिनच्या दारातून म्हणाले, "बाई, हट्ट पुरे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू झाला नाही तर तुम्ही आवक-जावकला. शिक्क्याला एक हात पुरतो."

"मग सुट्टीपर्यंत खुर्ची माझी."

"बसा," सिस्टिमवाला म्हणाला. "अ‍ॅडमिनचा पासवर्ड माझ्या खिशात आहे. त्याच्याशिवाय इथे पान हलत नाही." आणि चहाला गेला.

जिथे माउसशिवाय नुसते हुकूम टाइप करतात, त्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर जायचं तर तीन बटणं एकदम दाबावी लागतात. बाईंची सेटिंग लॉगिनच्या आतली, इथे दाराबाहेर मदतीला नव्हती. त्यांनी डाव्या हाताने दोन बटणं धरली, दातांत पेन्सिल पकडली आणि वाकून तिसरं दाबलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. पेन्सिल घसरली. बाईंनी ती पुन्हा दातांत धरली.

पडदा आला. नाव, पासवर्ड. आत घेतलं! म्हणजे पासवर्ड धड होता, बिघाड आतल्या मांडणीत होता. त्यांनी आपल्या फोल्डरातल्या फाइली मालकांच्या नावासकट मागवल्या. सगळ्या बाईंच्या नावावर. एक सोडून. लॉगिननंतर नेहमीची स्क्रीन उघडायची परवानगी जिच्यात असते, तीच फाइल अ‍ॅडमिनच्या नावावर गेलेली. वेळ काल संध्याकाळी पाच चाळीस.

पाच चाळीसला या खुर्चीवर कोण होतं? "जरा अपडेट मारतो, उठा," म्हणत बाईंच्याच लॉगिनमध्ये अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून मिजास दाखवणारा सिस्टिमवाला!

ती फाइल उघडायची बाईंना मुभा नव्हती. पण ती ज्या फोल्डरात होती, तो फोल्डर त्यांचा होता. परक्याच्या पेटीचं कुलूप आपल्याला उघडत नाही. पण आपल्या खोलीतून ती पेटी उचलून बाजूला ठेवायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. बाईंनी फाइलीचं नाव बदललं. कालची तारीख, पाच चाळीस. जुनी जागेवर दिसली नाही की कॉम्प्युटर बाईंच्या नावाने नवी फाइल करणार होता.

पुन्हा पेन्सिल. पुन्हा पासवर्ड. स्क्रीन काळी झाली, आणि मोठाल्या अक्षरांसकट सगळं जागच्या जागी उभं राहिलं.

सुट्टी संपता संपता साहेब आणि सिस्टिमवाला दोघे आले.

"पासवर्ड कुणी दिला?" सिस्टिमवाल्याने विचारलं.

"लागलाच नाही."

"मग केलंत काय?"

"तू काल काय केलंस ते पाहिलं. ठेवलंय जपून, वेळेसकट. दाखवू साहेबांना?"

सिस्टिमवाला खिसे चाचपू लागला. साहेबांनी घसा खाकरला. "ते आज जायचं पत्र, बाई... तेवढं होईल ना?"

"खुर्चीत बसलेय ना, होईल."

दातांचे व्रण उठलेली पेन्सिल बाईंनी पुसून पेल्यात उभी ठेवली. डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला. मग शिफ्टचं बटण दाबलं, सोडलं, आणि सावकाश दुसरं दाबलं.

हवं तेच अक्षर उमटलं.