आठव्या डावात तळं वाचलं

मी पाणी शुद्धीकरण केंद्रात नमुने तपासतो. त्यामुळे पर्यावरणावर बोलायचा आपल्याला जरा जास्तच अधिकार आहे, असा माझा समज. बायको शाळेत शिकवते. "माझ्या मुलांसाठी काहीतरी कर," असं ती एकदा सहज म्हणाली आणि मी तीन महिने जेवणाचं टेबल अडवून एक खेळ तयार केला.

पटावर छत्तीस चौकोनांचं तळं. दर फेरीला नाल्यातून घाण येते, जलपर्णी पसरते. चौघांनी मिळून तळं वाचवायचं. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. नियमांच्या पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एकमेकांचं ऐका.'

खेळून बघायला घरचीच माणसं धरली: बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि महिनाभर राहायला आलेल्या सासूबाई. सात डाव झाले. सातही वेळा तळं मेलं.

"आई, तुम्ही डावीकडे या. नाही नाही, आधी जलपर्णी काढा. आणि तू नाल्याकडे जाऊ नकोस, तिथलं मी बघतो." असा माझ्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. सासूबाईंनी तीस वर्षं हॉस्पिटलात अख्खा वॉर्ड सांभाळलेला, पण सांगेन तिथे निमूट सोंगटी ठेवायच्या. सातव्या डावात म्हणाल्या, "जावईबापू, माझी सोंगटीही तुम्हीच हलवा. मी तोवर चष्मा पुसते."

मला वाटलं, थकल्या असतील.

आठवा डाव मांडला आणि केंद्रातून फोन आला. क्लोरीनचा पंप बंद पडला होता. "खेळत राहा, पण वरचा कोपरा सोडू नका," असं बजावून मी गॅलरीत गेलो. वीस मिनिटांनी आत आलो तर तिघी चहा पीत बसलेल्या.

"जिंकलो," मुलगी म्हणाली.

"शक्यच नाही."

मी नियमांची वही काढून एकेक फेरी तपासली. सगळं बरोबर. फक्त वरचा कोपरा जलपर्णीने गच्च भरलेला.

"तो सोडला आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या पेशंटना एकाच वेळी बघता येत नाही हो. घाण येते कुठून, तिथे तिघी आधी गेलो. नाला आटोक्यात आल्यावर बाकीचं जमलं."

"आणि माझी सोंगटी?"

"कडेला उभी होती," मुलगी म्हणाली. "काही अडलं नाही तिच्यावाचून."

खरं सांगतो, तळं वाचल्याचा आनंद मला कणभर झाला नाही. पुढचे दोन दिवस मी खेळ कठीण कसा करता येईल याच्या मागे होतो.

"फार सोपा झालाय," मी बायकोला म्हटलं.

"सोपा नाही झाला. तू उठून गेलास."

मी वहीत नवा नियम लिहिला: ज्याची पाळी त्यानेच ठरवायचं, विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही.

शाळेत खेळ मांडला तेव्हा बायकोने मला वर्गात मागे उभं केलं. मुलं सपाटून हरली. चौथ्याच फेरीत तळं गेलं. मी ओठ चावत गप्प राहिलो. पण पोरांनी लगेच पट पुन्हा मांडायला घेतला, आणि तेवढ्यात एक मुलगी माझ्याकडे वळली.

"काका, आपल्या शाळेमागचा नाला कुठे जातो?"

मी ऐटीत तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गावात पाणी आणणारी प्रत्येक पाइपलाइन मला तोंडपाठ. वापरून झालेलं पाणी कुठे जातं, हे मात्र मी वीस वर्षांच्या नोकरीत कधी जाऊन पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"मग बघून येऊ या ना," ती म्हणाली.

शाळा सुटल्यावर बायको आणि पाच-सहा मुली पुढे, मी मागे, असे नाल्याच्या कडेने निघालो. दुसऱ्या वळणावर माझा बूट चिखलात रुतला. मुली थांबल्या, पोटभर हसल्या, आणि मग दोघींनी मिळून मला बाहेर ओढलं.