भुरीचं वजन

नाना गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही भुरीला डॉक्टरांकडे नेलं होतं. मला सुट्टी होती. नाना स्कूटीवर मागे बसले, मांडीवर टोपली आणि टोपलीवर आईच्या जुन्या साडीचा तुकडा बांधलेला. शेजारून ट्रक गेला की भुरी आतून कुरकुरायची आणि नाना तिला समजवायचे, "आलं, आलं. जवळच हाय."

भुरी आणि तांबडी, दोघीच उरल्या होत्या. कोंबड्यांच्या मानानं दोघी म्हाताऱ्या. अंडी देणं केव्हाच थांबलेलं. आई गेल्यावर नानांनी पिशोरची शेती पुतण्याच्या हवाली केली आणि ते माझ्याकडे पडेगावला राहायला आले, तेव्हा या कोंबड्या सोबत आणल्या. एकटे यायला तयारच नव्हते.

डॉक्टर रूपांनी भुरीला उलटसुलट करून पाहिलं. पोटाखाली बोटं दाबली, तुऱ्याचा काळसर रंग पाहिला.

"चरबी झालीय. यकृतावरही असणार, म्हणून धापा टाकतेय. खायला काय घालता?"

मी सगळं सांगितलं. वाचून वाचूनच मी त्यांचं खाणं ठरवलं होतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य बंद केलं होतं, कारण त्यातलं कॅल्शियम म्हाताऱ्या कोंबडीच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. साधं खाद्य मोजून, मेथी-पालकाची पानं, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

"बरोबर आहे. पण एवढ्यावर ही अशी सुटणार नाही. कुणीतरी भात-भाकरी घालतंय."

नाना भिंतीवरचं गाईच्या लसीकरणाचं चित्र बघत होते.

"नाना, तुम्ही?"

"म्या? मला कोण घालतंय इथं, तर म्या कोंबडीला घालू?" असं म्हणून ते डॉक्टरांकडे वळले. "मॅडम, हिच्या राज्यात साखर नाय, मीठ नाय, तेलाचा थेंब नाय. कोंबडीचं बरंय."

डॉक्टर हसल्या. "तुम्ही मात्र बारीक झालात, काका."

"शुगर आलीय नॉर्मलवर," मीच सांगून टाकलं. त्या आकड्याचा मला अभिमान होता.

घरी येईपर्यंत माझं मन एकाच नावावर येऊन थांबलं होतं. आमच्या भिंतीपलीकडे अख्तरी खाला राहायच्या. हॉस्टेलच्या मुलांना डबे पुरवायच्या. भात उरायचा, चपात्या उरायच्या. मी उस्मानपुऱ्यात ऑफिसला गेले की दुपारभर नानांना त्यांचीच सोबत. भिंत कमरेएवढी. शिवाय अलीकडे मी कोंबड्यांचा विषय काढला की खाला हातातलं काम बदलायच्या. हे मी बरेच दिवस टिपत होते.

संध्याकाळी त्या कपडे काढायला आल्या तेव्हा मी भिंतीशी गेले.

"खाला, भुरीच्या यकृतावर चरबी झालीय. शिळं काही टाकू नका आमच्याकडे."

त्यांनी चिमटे तोंडातून काढले. "मी? मी कायकू टाकू? माझ्या उरलेल्याला गाय आहे की नाक्यावरची."

"मग कोण टाकतंय? आकाशातून पडतंय का?"

त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या. मागे ओट्यावर नाना बसले होते. ते उठून आत गेले. मला वाटलं, शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून.

"तू शिकलेली आहेस बेटा," खाला म्हणाल्या, "शोधून काढ." आणि सुकलेली चादर ओढून निघून गेल्या.

रात्री नानांनी नेहमीसारखं वरणाचं पाणी घेतलं. "उद्या येताना मेथी आण," म्हणाले. "भुरीला लई आवडती."

सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

पिशोरहून भाऊबंद आले. अंघोळ घालून झाल्यावर चुलतभाऊ विश्वजीत हात पुसत बाहेर आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. "ताई, काकाच्या अंगावर काय राहिलंच नव्हतं गं. नुसती हाडं."

"डाएटवर होते," मी म्हणाले. माझाच आवाज मला कोरडा वाटला.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. कोंबड्यांकडे बघायला मला उसंत नव्हती. खाला सकाळ-संध्याकाळ फाटकातून आत यायच्या, खुराडं उघडायच्या, ठरलेलं खाद्य घालायच्या, झाडायच्या, बंद करायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांची फक्त पाठ दिसायची. ओढणीखाली काय असतं ते दिसायचं नाही. आता तर त्यांना रान मोकळं आहे, असं मनात यायचं. बापाचं सुतक चालू असताना मी शेजारणीच्या ओढणीवर पाळत ठेवून होते. पण ते सोपं होतं. तेवढा वेळ दुसरं काही आठवायचं नाही.

माणसं गेली, त्यानंतरच्या सकाळी मी भुरीला पिशवीत घातलं आणि ताणकाट्याला लटकवलं. ती आणखी जड झाली असणार, याची मला खात्री होती. आकडा दिसला की तोच घेऊन मी भिंतीशी जाणार होते.

भुरी हलकी झाली होती. पुन्हा लटकवलं. तेच. तांबडीही उतरली होती. छातीचं हाड बोटांना लागत होतं, तुरा लाल दिसत होता, आणि दोघी धापा न टाकता अंगणभर फिरत होत्या.

पहिला विचार आला, खाला घाबरल्या. मी बोलले म्हणून टाकणं बंद केलं. हा विचार मी चहा होईपर्यंत धरून ठेवला. मग चहा तसाच ठेवून त्यांच्या दारात गेले. त्या खाली बसून वांगी चिरत होत्या.

"खाला, कोंबड्या बारीक झाल्यात."

"हां. चांगलं आहे मग."

"तुम्ही टाकणं बंद केलंत."

सुरी थांबली. "अजून तेच? अगं, मी टाकत असते ना, तर तेरा दिवसांत त्यांचे हत्ती झाले असते. कोण बघत होतं मला?"

"मी बघत होते."

"ठाऊक आहे. खिडकीत दिसायचीस. मी ओढणी झटकून दाखवणार होते एकदा, पण घरात मय्यत झालेली, म्हटलं राहू दे." त्यांनी वांग्याची फोड पाण्यात टाकली. "बस. उभ्यानं नको विचारू."

मी बसले. त्यांनी मग माझ्याकडे बघितलंच नाही. चिरत चिरत बोलल्या.

"नानासाहेबांनी मला कसम घातली होती. दुपारी तू भरून ठेवलेला डबा घेऊन ओट्यावर यायचे. एक घास तोंडात फिरवत बसायचे, फिरवत बसायचे. मग थुंकायचे. गळ्याखाली उतरत नाही म्हणाले. बाकीची भाकर चुरून त्या दोघींना."

"किती दिवस?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी नाही बसले!" आता त्यांनी मान वर केली. "भांडले. म्हटलं, तनूला सांगते. तर म्हणाले, सांगितलं तर तिच्या आईसारखं मला नळ्या लावून झोपवील, आणि स्वतः दवाखान्यातल्या बाकावर झोपंल. आणखी म्हणाले, खाला, ती पहाटे उठून भाकरी थापती. तो आवाज बंद पडायला नको." त्यांचा हात पाण्यातच राहिला. "त्या दिवशी तू भिंतीशी आलीस, तेव्हा मला वाटलं आता ते स्वतः बोलतील. ते आत गेले. माझ्यावर आळ राहिला, राहू दे म्हटलं. दोन दिवसांनी मी कसम मोडणारच होते बेटा. खुदाकसम."

मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. मी त्यांच्या बोलण्यात फट शोधत होते. उन्हाळ्यापासून. उन्हाळ्यातच नानांचा शर्ट सैल झाला होता, आणि मी नवा, एक माप लहान आणला होता. शुगरचा कागद मी फ्रिजवर लावला होता. रोज संध्याकाळी रिकामा डबा घासताना मला बरं वाटायचं. फट कुठंच नव्हती. जाताना मी रोज एकच वाक्य बोलायचे, डबा संपवा. त्यांनी तो संपवला होता.

खालांनी चहा टाकला. मी नको म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मग थांब, मी येते." मी म्हणाले, नको, थोड्या वेळानं या.

अंगणात उन्हं वर आली होती. मी ओट्यावर बसले. हातात काही नव्हतं तरी दोघी जवळ आल्या, माना तिरप्या करून माझ्या रिकाम्या हातांकडे बघू लागल्या. तांबडीनं नखाला चोच मारून पाहिली. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती. खालांना ऐकू गेलं असतं तरी चाललं असतं.

"नाना," मी मोठ्यानं म्हणाले, "उतरत नसेल तर नका जेवू. खरंच नका जेवू. नुसते बसा माझ्याजवळ."