फितीवरचा पूल

पहिली खुर्ची उडाली ती थेट स्पीकरवर. विनोदाच्या दुपारच्या खेळाला आलेले साठ-सत्तर प्रेक्षक ओरडत दाराकडे पळाले आणि हातात लोखंडी गज घेतलेली आठ माणसं उलट्या दिशेने आत घुसली. दोन मिनिटांत हॉल रिकामा. उरले फक्त हॅलोकाका.

हॅलोकाका म्हणजे इथले साउंडवाले. सव्वीस वर्षं रोज माईकसमोर 'हॅलो, हॅलो' म्हणत आले, म्हणून नावही तेच पडलं. त्यांच्या टेबलामागे स्पीकरचं एक मोठं खोकं होतं आणि त्या खोक्यात आज विनोदवाला अंगाची घडी करून बसला होता. लपायच्या आधी त्याने खोटी मिशी उपटून टेबलावर टाकली होती. त्याचा श्वास काकांना स्पष्ट ऐकू येत होता. कानच तसा तयार होता त्यांचा.

"पोस्टरवरचा मिशीवाला कुठाय?" म्होरक्याने काकांची गचांडी धरली.

"नाही माहीत."

तोंडावर एक ठोसा बसला. मग गज डाव्या हातावर आला. दोन बोटं मोडली. काका गुरासारखे ओरडले.

"आमच्या साहेबांवर विनोद करतो हरामखोर! बोल, नाहीतर इथली एकेक पेटी फोडतो." एकाने खोक्याला लाथ घातली.

काकांनी उजव्या हाताने मिशी उचलली आणि नाकाखाली धरली. "मीच तो."

"तू? थेरड्या, सांग बघू मग. काय बोलला होतास?"

म्हणजे यांच्यातल्या एकानेही तो विनोद ऐकला नव्हता! डोकी फोडायला आले होते, पण कशापायी ते विचारायचंच राहून गेलं होतं.

आली का पंचाईत! काकांना विनोद कधीच सांगता आला नव्हता. शेवट आधी सांगून मोकळे व्हायचे. बायको म्हणायची, "तुम्ही विनोद सांगितलात की लोक सांत्वनाला येतात." पण हा विनोद त्यांनी चाळीस वेळा ऐकला होता. शेवटच्या वाक्याआधी मनात तीन मोजायचे, तेवढ्यात आवाजाचं बटण हळूच वर सरकवायचं, हे त्यांचं रोजचं काम.

"साहेबांनी पूल बांधला," काका रक्त थुंकून म्हणाले. "फीत कापली आणि पूल धाडकन खाली. साहेब म्हणाले, चौकशी करा. वर्षभर चौकशी झाली. अहवाल आला..."

एक. दोन. तीन.

"पूल मजबूत होता. फीत कापायला नको होती."

मागच्या जाड्याला हसू फुटलं. दाबलेलं, नाकातून आलेलं, पण खरंखुरं. काकांनी मिळवलेलं आयुष्यातलं पहिलं हसू.

म्होरक्याने आधी जाड्याच्या थोबाडीत दिली. मग सगळे काकांवर तुटून पडले. लाथा, गज, खुर्चीचे पाय. शेवटचा फटका डाव्या कानावर बसला आणि आत काहीतरी फाटलं. खोकं मात्र कोणी उघडून पाहिलं नाही.

"कशाला मध्ये पडलात?" दवाखान्यात बायको म्हणाली.

"अगं, एक जण हसला."

"कान द्यायचा असतो तो ऐकायला हो! असा नसतो द्यायचा," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

तीन महिन्यांनी हॉल पुन्हा उघडला. विनोदवाल्याने येऊन काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. "काका, जन्मात फिटणार नाहीत तुमचे उपकार."

"बरं बरं. जा, वेळ झाली."

खेळ सुरू झाला. पुलाच्या विनोदाची जागा आली तशी काकांची वाकडी बोटं आपोआप बटणावर गेली. एक. दोन. तीन.

"...तर माझी सासू म्हणते," विनोदवाला म्हणाला.

हॉल खदखदून हसला. पुढेही सासूच चालू राहिली. त्याला तरी काय बोलणार? जीव कोणाला नको असतो!

काकांनी बटणावरची बोटं काढून घेतली. टेबलावर कोपर टेकवलं आणि डोकं तळहातावर कलतं केलं, चांगला कान नीट झाकला जाईल असं.