एकसष्ट गाठी

सरांना आम्ही विद्यार्थी पाठीमागे 'महास्फोट' म्हणायचो. वर्गात शिरल्यावर पहिल्या तीन सेकंदांत जे काय व्हायचं ते होऊन जायचं, उरलेला तास आमचा थंड होण्यात जायचा. आज ते संस्थेच्या संचालकपदासाठी व्याख्यान देत होते आणि निवड समितीत मी बसले होते. माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं, घरचीच मुलगी म्हणून. मी त्यांचं वाटोळं करायला आले होते, उगाच आडपडदा कशाला.

पडद्यावर चित्र आलं. माझं चित्र. नुकतं जन्मलेलं विश्व थंड होऊ लागेपर्यंत त्यात भरलेल्या, चुंबकाभोवती असतं तशा क्षेत्राला सगळ्या दिशा सारख्याच होत्या. मग प्रत्येक भागाने शेजाऱ्याला न विचारता आपापली दिशा धरली. त्या जिथे जुळल्या नाहीत तिथे गाठ पडली, आणि ती सहजासहजी सुटत नाही. अशा विश्वाचा एक चौकोन मी संगणकावर थंड केला होता, सामानाच्या खोलीत, चार जुन्या यंत्रांवर, चौदा महिने. गाठीचा पीळ उजवा असला की लाल ठिपका, डावा असला की निळा. सरांनी त्यावरचा लेख एकट्याच्या नावावर छापला. विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, चित्र काढणाऱ्याचं नाव कोण घालतं? डोकं माझं, हात तुझे."

आई म्हणाली होती, "डूख धरू नकोस, तुलाच त्रास होईल." धरला. झालाही त्रास. तरी अकरा वर्षं मूग गिळून बसले, कारण छापलेलं चित्र पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी मला त्यातली एक गोष्ट दिसली होती.

व्याख्यान संपलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी प्रश्नांसाठी माझ्याकडे पाहिलं.

"सर, या चौकोनाच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडलेल्या आहेत ना?"

"अर्थात. उजवीकडून बाहेर पडलं की डावीकडून आत. मीच शिकवलंय तुला."

"म्हणजे लाल आणि निळे ठिपके सारखेच हवेत."

"हवेतच. प्रत्येक उजव्या पिळाला एक डावा. त्यातून सुटका नाही."

"मग मोजता का जरा?"

ते हसले आणि काठी घेऊन मोजू लागले. लाल एकतीस. निळे तीस. पुन्हा मोजले, पुन्हा तीस. अध्यक्षबाईही ओठ हलवत मोजत होत्या.

"निसर्ग चुकला असेल, नाहीतर चित्र," मी म्हटलं. "आणि तुमची सगळी कीर्ती या चित्रावर उभी आहे."

"चित्र मी काढलेलं नाही," सर चटकन म्हणाले. "एका विद्यार्थिनीचं काम ते. तिचाच गलथानपणा असणार. मी विश्वास टाकला, दुसरं काय."

"लेखावर तर तुमचं एकट्याचंच नाव आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कोण विद्यार्थिनी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी पुन्हा विचारलं, लेखनिकाने पेन उचललं, आणि सरांच्या तोंडून माझं नाव बाहेर पडलं. चारचौघांत, स्पष्ट, लिहून घेता येईल असं. मला फार आनंद झाला.

मग मी पिशवीतून मूळ चित्र काढून पसरलं. बासष्ट ठिपके, एकतीस लाल आणि एकतीस निळे.

"तुमच्या चित्रात हा नाही," असं म्हणून मी खालच्या कोपऱ्यातल्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्याच जागी पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर सरांचं नाव होतं.