न उतरणारी बॅटरी

"भावोजी, राग मानू नका, पण एवढी वीज तुमच्या बॅटरीत नाहीच," मेव्हणा म्हणाला आणि त्याने लाइटबिलाच्या पाठीवर मांडलेलं गणित पुढे सरकवलं.

पाणक्यांनी तो कागद हातातही घेतला नाही. आपण सहा महिने खपून जी बॅटरी उभी केली, तिच्याबद्दल बायकोच्या भावाने लाइटबिलाच्या मागे काही खरडावं, आणि तेही आपल्याच घरचा चहा पीत, हे त्यांना झोंबलं.

"नाही कशी? रोज चार तास चालते. सहाला वीज जाते, दहाला येते. रजिस्टर बघ."

"बघितलं. म्हणूनच म्हणतोय."

मेव्हणा कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होता. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही हे पोरांना पटवण्यात त्याची स्वतःची बरीचशी ऊर्जा खर्ची पडली होती. जी उरली होती ती तो नातेवाइकांवर वापरत असे.

"रजिस्टर खोटं आहे असं म्हणायचंय तुला?"

"रजिस्टर खरं आहे. बॅटरी खोटी आहे."

पाणके हे त्यांचं आडनाव नव्हे. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरीच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. कमरेएवढ्या उंच चोवीस सेलना डिस्टिल्ड वॉटर पाजायचं आणि रोज सकाळी सातच्या ठोक्याला प्रत्येकाचा आकडा रजिस्टरात लिहायचा, ही त्यांची नोकरी. सगळं शहर फोनवर भांडत होतं, सोयरिकी जुळवत होतं, राँग नंबर लावून शिव्या खात होतं, आणि या सगळ्याच्या मुळाशी हे लांब चोचीची बाटली घेऊन उभे. सुरुवातीला सहकारी त्यांना 'पाणक्या' म्हणत. बढती मिळाल्यावर आदराने 'पाणके' म्हणू लागले. निवृत्तीच्या पत्रावर खरं आडनाव छापून आलं तेव्हा त्यांना क्षणभर वाटलं, पाकीट चुकून दुसऱ्याचं आलं.

त्या खोलीत त्यांनी एकच धर्म पाळला. बॅटरी अर्ध्याच्या खाली गेली की तिचं आयुष्य गेलं. एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही तसं होऊ दिलं नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी बायकोची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं मशीन दिलं. दिवसातून निदान सोळा तास नाकाला नळी. मशीन विजेवर चालणार आणि वीज वेळापत्रकावर. एका संध्याकाळी बाजारातल्या इन्व्हर्टरने चाळीस मिनिटांत मान टाकली आणि शेजाऱ्याच्या गाडीतून बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या बाकावर, तिच्या छातीचा भाता चाललेला ऐकत, पाणक्यांनी ठरवलं की आता बॅटरी आपण करायची.

डबे भंगारवाल्याकडे मिळाले. एका विजेच्या गाडीवर ट्रक आदळला होता.

"काका, हिचं थोबाड गेलंय, पोट शाबूत आहे," भंगारवाला म्हणाला. "आणि जे काय आहे ते हिच्या पोटातच."

"किती पळाली होती?"

"घोडी आहे का दात मोजायला? डबे बघा की. पावसाचा थेंब लागू दिला नाही."

पाणक्यांनी नऊ डबे आणले. जाडजूड पुस्तकाएवढा एकेक चंदेरी डबा. प्रत्येकाला मोटारीच्या हेडलाइटचे बल्ब जोडून, तो किती वेळ दम धरतो ते घड्याळ लावून पाहिलं. दोन नापास झाले. उरलेल्या सातांत दोन तृतीयांश जीव होता. म्हणजे रस्त्यावर धावायला निकामी, पण घरात बसून थोडंफार काम करायला हरकत नाही. पाणक्यांना हे वर्णन ओळखीचं वाटलं.

गच्चीवर सोलर पॅनेल बसले. स्वयंपाकघरामागच्या खोलीत रबरी मॅट अंथरून, तांब्याच्या पट्ट्यांनी सात डबे एकामागोमाग एक जोडले गेले. शेजारी झाकणाच्या डबीत सर्किटची एक हिरवी पाटी. ती प्रत्येक सेलवर नजर ठेवणार आणि ठरवलेल्या आकड्याखाली बॅटरी उतरली की वीज तोडणार. पाणक्यांनी तो आकडा एक्कावन्न व्होल्टवर ठेवला. म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. बायको म्हणाली, "पाटी कशाला? तुम्ही आहातच की."

पहिल्या संध्याकाळी नऊ वाजता बॅटरी बावन्नवर आली. सुदैवाने वीज लवकर परतली, पण पाणक्यांचं जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे बोल्ट पुन्हा आवळले, आणि त्या संध्याकाळपासून चमत्कार सुरू झाला. चार तास वीज नाही, मशीन चालू, आणि बॅटरी पंचावन्नच्या खाली जायचं नाव घेईना. पाणके मागच्या खोलीत स्टुलावर बसत आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा मोठ्याने बाहेर सांगत. बाहेरून "बरं" असं उत्तर येई. त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. भंगारवाल्यालाही केला. सगळं बोल्ट आवळण्यात आहे, हे त्यांनी इतक्या जणांना सांगितलं की एकदोघांनी आपापल्या घरचे बोल्ट आवळले.

अशी तीन महिन्यांची पुण्याई मेव्हण्याने लाइटबिलाच्या मागे पुसून टाकली होती.

"ताईचं मशीन एकटंच साडेतीनशे वॅट खातं," तो म्हणाला. "वर पंखा, दिवा. चार तास. तुमची बॅटरी साडेआठ-नऊपर्यंत निम्म्यावर यायला पाहिजे. पहिल्या दिवशी आली तशी. बोल्ट आवळून वीज वाढत असती तर मी कॉलेजला पाना घेऊन गेलो असतो."

"मग तुझं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं काही नाही. मी चिमटा आणलाय."

त्याने पिशवीतून चिमट्याचा मीटर काढला. तारेभोवती नुसता चिमटा लावायचा, आतून किती वीज वाहतेय ते तो सांगतो. पाणक्यांकडे तसला मीटर नव्हता. आयुष्यभर त्यांनी व्होल्टेज मोजलं. अँपिअर बघणं वरच्या स्विचरूमचं काम. बॅटरीवाल्याने बॅटरी भरलेली आहे की नाही ते बघावं, तिच्यातली वीज जाते कुठे याची चौकशी करू नये, असा तिथला शिरस्ता होता.

सहाला वीज गेली. इन्व्हर्टरने डोळ्याचं पातं लवायच्या आत भार उचलला आणि त्याचा पंखा घरघरू लागला. त्या घरघरीत या खोलीत हाकेशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. पाणके रबरी चपला घालून मॅटवर उभे राहिले. दहा मिनिटांनी मेव्हण्याने जाड केबलला चिमटा लावला.

"किती पाहिजे?" पाणक्यांनी विचारलं.

"आठ अँपिअर."

"आणि?"

मेव्हण्याने चिमटा काढून पुन्हा लावला, मग तारेच्या दुसऱ्या टोकाला लावला.

"पावणेदोन."

"मीटरचा सेल गेला असेल."

"नवा आहे."

"तरी बदल."

मेव्हण्याने मुकाट्याने सेल बदलला. पावणेदोनच. पाणक्यांनी केबल हाताने चाचपली. ती गार होती. गार आहे म्हणजे जोड उत्तम आहे, असं ते गेले तीन महिने समजत आले होते.

"पावणेदोनमध्ये पंखा आणि दिवा झाला," मेव्हणा हळू म्हणाला. "भावोजी, मशीन बंद आहे."

"वेडा आहेस का? मशीन बंद असतं तर ती..."

ते खोलीतून बाहेर पडले. चपला मॅटवरच राहिल्या. रोज त्या स्वयंपाकघराच्या फरशीवरून फटाक फटाक करत पुढे जात आणि पाणके मागोमाग येत. आज पाणके एकटेच आले, अनवाणी.

बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर शब्दकोडं, नाकात नळी. शेजारी मशीन, त्याचा हिरवा दिवा विझलेला. ती एक अक्षर लिहायची, पेन थांबवायची, ओठांचा चंबू करून तीन-चार श्वास ओढायची, खांदे वर जायचे, मग पुढचं अक्षर. जमिनीवरच्या विजेच्या बोर्डापाशी तिचा उजवा पाय होता. अंगठा बटणावर टेकलेला. पायाने बटण दाबायला माणसाला सराव लागतो. तिला झालेला दिसत होता.

तिने मान वर केली. पाणके दिसताच अंगठा आपोआप दबला. मशीन एकदा 'पीं' वाजलं आणि सूं सूं करत सुरू झालं.

"आलात? किती आहे?"

"पंचावन्न पॉइंट सहा," पाणके म्हणाले. तोंडाला वळण पडलेलं होतं. मग ते समोरच्या पलंगाच्या काठावर बसले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अगं."

तिने पेनाचं टोपण लावलं. "दुसऱ्या दिवसापासून."

"तीन महिने?"

"पहिल्या दिवशी बावन्न झालं तर जेवला नाहीत तुम्ही." ती थांबली, श्वास घेतला. "आणि झोपेत 'गेली, गेली' म्हणत होतात. मला वाटलं, मीच गेले."

पाणक्यांनी वाकून मशीनचा हिरवा दिवा लागलाय ना ते पाहिलं.

"डॉक्टर सोळा तास म्हणालेत," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "उरलेले आठ कुठेतरी घालवायचेच ना. त्यातले चार इथे घालवते. त्यात एवढं काय?"

"सोळा म्हणजे कमीत कमी सोळा. सगळे आठ काही... तुझी पावलं सुजली, डॉक्टरांनी ऑक्सिजन दोनाचा तीन लिटर केला, मला विचारलं, मशीन नीट वापरतात ना. मी म्हटलं, एक मिनिट खंड नाही. छाती पुढे काढून म्हटलं."

"हो. मी बघितलं की."

"मग तेव्हा तरी बोलायचंस."

"काय बोलायचं? भंगारवाल्यालासुद्धा फोन करून सांगितलंत. रिटायर झाल्यापासून तुम्हाला एवढं खुशीत बघितलं नव्हतं." पुन्हा श्वास. "आणि बॅटरी माझ्यासाठीच राखायची होती ना? राखत होते."

दारात मेव्हणा येऊन उभा राहिला होता. "ताई, तू म्हणजे..."

"तू गप्प बस. एवढ्यासाठी आलास का?"

पाणके उठले. कपाटावर बोटाला लावायची ऑक्सिजनची क्लिप होती. रोज सकाळी सातला ते ती बायकोच्या बोटाला लावत आणि आकडा रजिस्टरात, बॅटरीच्या रकान्याशेजारी लिहीत. ब्याण्णव, त्र्याण्णव, कधी चौऱ्याण्णव. रात्रभर मशीनवर असलेल्या माणसाचा सकाळी सातचा आकडा. संध्याकाळी त्यांनी ती कधी लावली नव्हती. आकडा सकाळी सातला घ्यायचा असतो.

त्यांनी क्लिप लावली. चौऱ्याऐंशी.

हा आकडा त्यांनी लिहिला नाही. क्लिप तशीच तिच्या बोटावर ठेवून ते मागच्या खोलीत गेले. मेव्हणा पाठोपाठ आला. पाणक्यांनी हिरव्या पाटीचं झाकण उघडलं, चष्मा कपाळावर सारला आणि बटण दाबत दाबत एक्कावन्नचा आकडा खाली आणायला सुरुवात केली. पन्नास. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस.

"भावोजी, रोज एवढी उतरवलीत तर डबे लवकर बाद होतील."

"होऊ देत."

पंचेचाळीसवर त्यांनी बोट उचललं. मेव्हणा केबलला अजून लटकत असलेल्या चिमट्याकडे बघत होता. तिथे आता आठ पॉइंट एक दिसत होतं. त्याचं गणित तंतोतंत बरोबर आलं होतं आणि त्याला ते कुणालाही दाखवायचं नव्हतं.

"मी इथे बसू का?" त्याने विचारलं. "लक्ष ठेवायला?"

"कशावर?" पाणके म्हणाले.

त्यांनी स्टूल उचललं आणि ते घेऊन पुढच्या खोलीत आले. बायकोच्या खुर्चीसमोर मांडलं, बसले. मशीन एका लयीत चाललं होतं. क्लिपवरचा आकडा सत्त्याऐंशी झाला, मग अठ्ठ्याऐंशी. बायको शब्दकोड्यात डोकं घालून बसली होती, पण लिहीत नव्हती.

"काय बघताय?"

"काही नाही."

तिचे ओठ करडे दिसत होते. करड्यात किंचित जांभळा. हा रंग आता उतरायला लागला असेल की आणखी चढलाय, हे ठरवायला मूळ रंग ठाऊक हवा. पाणके आठवू लागले. एक्सचेंजमधले चोवीसच्या चोवीस सेल त्यांना तोंडपाठ होते. अकराव्याच्या काठाला गंज, एकोणिसावा सदा तहानलेला, तिसऱ्याच्या तळाशी गाळ. बायकोच्या ओठांचा रंग काही आठवेना. लग्नातला फोटो काळा-पांढरा होता.

"तुला ठाऊक आहे का रे," त्यांनी दारातल्या मेव्हण्याला विचारलं, "हिचे ओठ आधी कसे होते?"

पाणक्यांनी टेबलावरचा दिवा उचलला आणि तिच्या चेहऱ्याजवळ धरला. एक्सचेंजमध्ये काचेच्या भांड्यामागे दिवा धरला की आतली पातळी दिसे, तसा.

"डोळ्यांवर येतोय," ती म्हणाली.

त्यांनी दिवा जरा खाली घेतला. हात अवघडेपर्यंत धरून ठेवला. मग दुसऱ्या हातात घेतला.