ओनेलियोच्या हातचे ब्रेक

सांतियागोत जुनी गाडी बाळगणाऱ्याला इंजिनाची भीती नसते. इंजिन बंद पडलं तर उतारू खाली उतरतात, ढकलतात, ढकलताना चालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि पुन्हा येऊन बसतात. भीती असते ती ब्रेकची. गावातला निम्मा रस्ता उताराचा, आणि गावाबाहेर सान लुइसकडे जायचं तर मध्ये बोनियातोचा घाट. त्या घाटासाठी लोक गाडी निवडून घ्यायचे. रंग, गाद्या, रेडिओ कोणी बघत नसे. एवढंच विचारायचे, "ब्रेक ओनेलियोच्या हातचे ना?" बाकीच्या गाडीवाल्यांचा त्यावर जळफळाट व्हायचा, पण त्यांचे स्वतःचे ब्रेक बिघडले की तेही मुकाट्यानं ओनेलियोच्याच अंगणात यायचे.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे एकावन्न सालची हिरवी शेव्हरोले. तिच्या पोटात मूळचं काय उरलं होतं ते तीच जाणे. ब्रेकचा पंप तर कधीच जुन्या रशियन जीपचा बसला होता. त्यात ओनेलियोनं पितळी नळी ठोकून बसवली होती, आणि दाब धरून ठेवणाऱ्या आतल्या रबरी वाट्या तो घरीच ओतायचा. ट्रकच्या टायरचं रबर, स्वतः कातलेला साचा आणि कोळशाचा विस्तव, एवढा त्याचा कारखाना. वाटी निवली की ती तो ओठांवरून हळूच फिरवायचा. बोटं तेलानं आणि पान्यांनी निबर झालेली असतात, ओठ होत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

गेल्या वर्षापासून त्याचे हात थरथरायला लागले.

घरात याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. घरात होतंच कोण म्हणा! तो आणि त्याची मुलगी इदानिया. ती बापाला कॉफी अर्धा कपच देऊ लागली, म्हणजे सांडायला नको. गाडीखाली आडवं होऊन नटबोल्ट आवळायचं काम तिनं न विचारता आपल्याकडे घेतलं. गाडी चालवत तर ती नवरा सोडून गेल्यापासूनच होती. वाटी ओतणं तेवढं ओनेलियोनं सोडलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी ती मूठ बापलेक दोघं मिळून झाकून ठेवत होते.

मुलगा लेआंद्रो तिकडे समुद्रापलीकडे, परदेशात हायलेहाला असतो. उंटावरून शेळ्या हाकायला हायलेहासारखी जागा नाही. दर रविवारी फोनवरून तो इथल्या गाडीचं निदान करायचा. पण या खेपेला त्यानं नुसता उपदेश केला नाही. एका येणाऱ्या माणसाबरोबर कॉफी आणि औषधांच्या मधून एक खोकं पाठवलं. खोक्यात ब्रेकचा कोरा करकरीत पंप होता. वाट्या आतच बसवलेल्या, सोबत ब्रेकच्या तेलाची बाटली.

ओनेलियोनं खोकं हातात घेतलं, वजन पाहिलं आणि न उघडताच टेबलावर ठेवलं.

"उघडून तर बघा, बाबा."

"काय बघायचंय? ज्यानं हे बनवलं, त्यानं बोनियातोचा घाट पाहिलाय का?"

"घाट पाहून काय होतं? गाडी थांबली म्हणजे झालं."

"माझ्यानं थांबत नाही का?"

यावर इदानियाला उत्तर देता आलं असतं. तिनं भांडी आवरायला घेतली. खोकं फ्रिजच्या माथ्यावर गेलं, आणि बापानं त्याकडे पाहणंच सोडून दिलं.

मग जुनी वाटी झिजली आणि ओनेलियो नवी ओतायला बसला. पहिली साच्यातच फाटली. दुसरी एका बाजूला पातळ आली. तिसऱ्या वेळी वितळलेलं रबर साच्याऐवजी त्याच्या अंगठ्यावर सांडलं, तर त्यानं 'हाय' सुद्धा म्हटलं नाही, कारण इदानिया दारात उभी होती. शेवटी एक वाटी बरी निघाली. त्यानं ती ओठांवरून फिरवली, पुन्हा एकदा फिरवली आणि तिच्या हातात दिली.

"बसव," तो म्हणाला.

तिनं बसवली. सकाळी बघते तर गाडीखाली तेलाचं थारोळं! पायाखालचा ब्रेक दाबला तर थेट जमिनीला टेकला. ओनेलियो मागे कोंबड्यांना दाणे टाकत होता, त्याचा आवाज येत होता. इदानियानं पोतं आणून तेल पुसून काढलं.

सांगायला हवं होतं. ती काही लहान नव्हती, आणि तो काही काचेचा नव्हता. पण तो पोळलेला अंगठा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. या माणसाकडे जगात दुसरं काही नव्हतं. बायको गेली, मुलगा गेला, पाठ गेली. लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारायचे ते ब्रेकचं. ते तरी आपल्या तोंडून जायला नको, असं तिला वाटलं. तिनं खोक्यातून पंप काढला, त्या जागी एक दगड ठेवला आणि पंप पिशवीत घालून विफ्रेदोकडे गेली.

विफ्रेदो लेथवाला, ओनेलियोचा जुना दोस्त. नवा पंप शेव्हरोलेचाच, पण शेव्हरोलेत बसेना, कारण ओनेलियोनं रशियन पंपासाठी सगळी भोकंच हलवली होती. मध्ये एक पट्टी घालावी लागणार होती.

"पट्टी करतो," विफ्रेदो म्हणाला. "अजून काय?"

"यावरची अक्षरं घासून टाका. आणि जरा जुना दिसेल असं करा."

विफ्रेदोनं चष्मा कपाळावर चढवला. "ऐक, पोरी. उभा जन्म मी घरचा माल कारखान्याचा दिसावा म्हणून चकचकीत करत आलो. आणि तू कारखान्याचा माल घेऊन आलीस, तो घरचा दिसावा म्हणून?"

"काका, हळू बोला."

"तुझ्या बापाला कळलं तर तो आधी मला उभा चिरेल."

"नाही कळणार."

"ओनेलियोला?" विफ्रेदो हसला, पण हसू लगेच मावळलं. "हात फारच वाईट झालेत का गं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मग त्यानं कामाला हात घातला. पट्टी कापली, अक्षरं घासली, पंप विस्तवाच्या धुरावर काळा केला आणि वरून ग्रीस चोपडलं. काम संपल्यावर त्यानं पंप तिच्यापुढे सरकवला.

"तुझा बाप म्हणतो, सोन्याची सुरी असली म्हणून कोणी पोटात खुपसून घेत नाही," तो म्हणाला. "खरंय. पण घरातली लोखंडाची बोथट झाली, तर माणसानं भाजी चिरायची कशानं? घेऊन जा. मला काही माहीत नाही."

पंप तिनं गुपचूप बसवला, आणि रविवारी दोघं घाटाकडे निघाले. ओनेलियोच्या अंगणातला एक नियम सगळ्या गावाला ठाऊक होता. ज्यानं ब्रेक केले, त्यानं पहिल्या उताराला चालकाच्या शेजारी बसायचं, आणि गाडीत दुसरं कोणी नसायचं. आपण बसायला भितो ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, एवढाच त्याचा अर्थ. कित्येक उतार तो असा बसून उतरला होता. आजही दाढी करून, धुतलेला सदरा घालून तो पुढे बसला. इदानियाला त्याच्याकडे बघवेना. बापाला फसवून त्याच्याच शेजारी बसायचं म्हणजे काय ते तिला त्या चढावर कळलं.

घाटमाथ्यावर तिनं गाडी वळवली. उतार लागला. पहिलं वळण आलं, तिनं ब्रेक दाबला, गाडी हळू झाली. दुसरं वळणही तसंच गेलं. तिसऱ्याला ओनेलियो म्हणाला, "थांबव."

तिनं पाय दिला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"कोणाचे ब्रेक आहेत हे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय, बाबा?"

"माझ्या ब्रेकवर तू कायम दोनदा पाय देतेस. एकदा दाब भरायला, एकदा धरायला. मीच शिकवलंय तुला. या गाडीत तू कधी एकदा पाय देऊन वळण घेतलं नाहीस." तो तिच्या पायाकडे बघत होता. "आज तिसऱ्यांदा एकदाच दिलास."

इदानियानं हातब्रेक ओढला.

"लेआंद्रोचा?"

"हो."

"माझी वाटी?"

"गळली. रात्रीत सगळं तेल बाहेर."

"सगळं?"

"सगळं, बाबा. ब्रेक जमिनीला टेकत होता."

तो दार उघडून खाली उतरला आणि कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. कठडा तिथं गुडघ्याएवढाच आहे. इदानियाही उतरली. तिला वाटलं तो ओरडेल, आणि त्यानं ओरडावं असं तिला मनापासून वाटत होतं. म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"ओठाला लागली होती. बारीकशी चीर. मी पुन्हा फिरवून बघितली, पुन्हा लागली. म्हटलं, ओठच फाटले असतील उन्हानं." त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले, पण खांदेही हलत होते. "आणि तुझ्या हातात दिली. 'बसव' म्हटलं."

इदानियाला आधी राग आला, खरा, डोळ्यांत पाणी आणणारा. हा माणूस तिला जाणूनबुजून या वळणावर आणून सोडणार होता. मग तिच्या लक्षात आलं की तो तिच्याकडे नाही, खाली दरीत बघतोय, आणि तिथं ही गाडी तिच्यासकट पडलेली त्याला दिसतेय. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हातारा मुलासारखा रडला. तिनं त्याला थांबवलं नाही. एक ट्रक हॉर्न वाजवत वर गेला, त्यातल्या कोणीतरी ओनेलियोला ओळखून हात केला.

ते खाली बोनियातोला आले तेव्हा थांब्यावर माणसं उभी होतीच. हिरवी गाडी बघून दिग्ना पुढे आली. दर रविवारी सान लुइसला लेकीकडे जाणारी ही बाई. एका हातात नात, दुसऱ्यात रताळ्यांची पिशवी.

"झाला का पहिला उतार?" तिनं खिडकीत वाकून विचारलं. "ओनेलियो, तुमच्याच हातचे ना? नाहीतर मी आपली ट्रकनं जाते. पोरगी आहे बरोबर."

मागचे तिघंचौघं ऐकत होते. इदानियानं 'हो तर' म्हणायला तोंड उघडलं. आज एवढं खोटं ती आनंदानं बोलली असती.

ओनेलियो खाली उतरला. त्याला वेळ लागला. त्यानं मागचं दार दोन्ही हातांनी उघडून धरलं. हात थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"माझ्या हातचे नाहीत, दिग्ना," तो म्हणाला. "म्हणून सांगतो, बस."